कैफियत न स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध त्या वेळी उच्च न्यायालयात गेलो नाही. आता हुकूमनाम्यावरील अपिलात तो मुद्दा घेता येतो का?

दावा_प्रलंबित :

नमस्कार. माझ्या वडिलांविरुद्ध २०२१ मध्ये साठेखताच्या करारपूर्तीचा दावा दाखल झाला. साठेखत २०१६ चे असून त्यात खरेदीखत कोणत्या तारखेपर्यंत करायचे याचा उल्लेख नाही. आमचे म्हणणे असे आहे की तो व्यवहार मुळात विक्रीचा नव्हता. वडिलांनी वादीकडून हातउसने घेतलेल्या रकमेला तारण म्हणून ते साठेखत करून दिले होते, आणि त्या रकमेपैकी बराचसा भाग बँकेमार्फत परतही केला होता.

समन्स मिळाल्यापासून १२७ व्या दिवशी आम्ही विलंबमाफीच्या अर्जासह लेखी कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल केली. ९० दिवसांची कमाल मुदत उलटली असून विलंबाचे समाधानकारक कारण दिलेले नाही, एवढे म्हणून न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि दावा कैफियतीविना चालवण्याचा आदेश केला. आमच्या तेव्हाच्या वकिलांचे मत असे पडले की उच्च न्यायालयात जाण्यात वेळ आणि पैसा दोन्ही खर्च होतील, त्यापेक्षा वादीचा उलटतपास नीट घेतला की पुरे. त्याप्रमाणे उलटतपास झाला, युक्तिवादही झाला, पण प्रतिवादीतर्फे साक्षीपुरावा देऊ दिला गेला नाही. गेल्या महिन्यात आमच्याविरुद्ध हुकूमनामा (दाव्यातील न्यायालयाचा अंतिम निर्णय) होऊन दावा निकाली निघाला.

आता जिल्हा न्यायालयात अपील करायचे आहे. नव्या वकिलांचे म्हणणे आहे की कैफियत नाकारण्याचा तो जुना आदेशही अपिलात आव्हानित करता येईल. नात्यातील एका वकिलांनी मात्र ठामपणे सांगितले की तो आदेश तेव्हाच अंतिम झाला, त्या वेळी गप्प बसलात म्हणजे तो मान्य केलात, आता अपील फक्त निकालाच्या गुणदोषांवर चालेल. दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे? आणि तो मुद्दा घेता येत असेल तर त्याचा प्रत्यक्षात उपयोग किती?

निशाणी_एक :

तुमच्या नव्या वकिलांचे बरोबर आहे. या प्रश्नाचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ च्या पहिल्याच पोटकलमात आहे, आणि आश्चर्य असे की वर्षानुवर्षे वकिली करणाऱ्यांच्याही ते नेमक्या वेळी लक्षात येत नाही. त्या तरतुदीचा आशय असा : ज्या आदेशांवर अपील करण्याची मुभा संहितेने स्पष्टपणे दिली आहे तेवढ्यांवरच स्वतंत्र अपील चालते, परंतु हुकूमनाम्यावर अपील केले जाते तेव्हा दाव्याच्या निर्णयावर परिणाम करणारी कोणत्याही आदेशातील चूक, दोष किंवा अनियमितता अपिलाच्या मेमोमध्ये (अपिलाची कारणे मांडणाऱ्या अर्जात) आक्षेप म्हणून मांडता येते.

कैफियत न स्वीकारण्याचा आदेश हा संहितेच्या ‘आदेश ४३ नियम १’ या तरतुदीतील अपीलयोग्य आदेशांच्या यादीत नाही. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ११५ खाली त्यावर पुनरीक्षणही (उच्च न्यायालयाकडून होणारी फेरतपासणी) चालत नाही, कारण तो आदेश तुमच्या बाजूने झाला असता तरी त्याने दावा तिथेच संपला नसता, उलट रीतसर सुरू झाला असता. म्हणजे त्या टप्प्यावर तुमच्यापुढे एकच वाट होती, संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालील उच्च न्यायालयाचा पर्यवेक्षण अधिकार. आणि तो अधिकार म्हणजे अपील नव्हे. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करावा अशी विनंती तुम्ही करू शकला असता, हक्क म्हणून मागणी करू शकला नसता. जी वाट हक्काची नव्हती तिने गेला नाहीत म्हणून हक्काच्या वाटेवरचा मुद्दा गमावला, असे कायदा म्हणत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ‘सत्यध्यान घोषाल वि. देवराजिन देवी’ या १९६० च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मध्यंतरी एक आदेश करून प्रकरण खाली परत पाठवले होते, आणि ज्याच्याविरुद्ध तो आदेश गेला त्याने त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नव्हती. पुढे अंतिम आदेशाविरुद्ध तो आला तेव्हा पूर्वन्यायाचा, म्हणजे हा मुद्दा आधीच ठरून गेला आहे असा, आक्षेप घेण्यात आला. ज्या मधल्या आदेशाने कार्यवाही संपत नाही आणि ज्यावर अपील झालेले नाही, त्याची वैधता अंतिम निर्णयावरील अपिलात तपासता येते, असे सांगून न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला.

अपवाद एक आहे, आणि त्याचाच बहुधा तुमच्या नातेवाईकांच्या मनात गोंधळ झाला असावा. कलम १०५ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार दावा फेरनिर्णयासाठी परत पाठवण्याचा आदेश अपीलयोग्य असेल आणि त्यावर अपील केले नसेल, तर नंतर त्याची वैधता उकरून काढता येत नाही. तुमचा आदेश त्या प्रकारातला नाही.

काळा_कोट_पांढरी_बंडी :

निशाणी_एक यांच्याशी मी तत्त्वतः सहमत आहे. पण ‘घेता येतो’ आणि ‘चालतो’ यांत फार अंतर आहे, आणि प्रश्नकर्त्याने उपयोग किती असे स्वतंत्रपणे विचारले आहे, म्हणून लिहितो.

कलम १०५ मधील ‘दाव्याच्या निर्णयावर परिणाम करणारी’ हे शब्द कोरडे नाहीत, आणि त्यांच्या जोडीला कलम ९९ उभे आहे : ज्या चुकीमुळे, दोषामुळे किंवा अनियमिततेमुळे दाव्याच्या गुणदोषांवर अथवा न्यायालयाच्या अधिकारितेवर परिणाम होत नाही, तेवढ्यासाठी हुकूमनामा उलटवता किंवा त्यात मोठा फेरफार करता येत नाही; आवश्यक पक्षकार न जोडल्याचा दोष तेवढा यातून वगळलेला आहे. म्हणजे जिल्हा न्यायाधीश पहिला प्रश्न ‘आदेश चुकीचा होता का’ असा विचारतील, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले तरी लगेच दुसरा विचारतील : ‘बरे, मग त्यामुळे तुमचे काय गेले?’ अपिलांच्या सुनावणीत प्रक्रियेचे मुद्दे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर कोसळतात. वकील पहिल्या प्रश्नावर तासभर बोलतात आणि दुसऱ्यावर ‘नैसर्गिक न्यायाचा भंग झाला’ एवढेच म्हणून खाली बसतात.

हा दृष्टिकोन जुना आहे. ‘किरण सिंग वि. चमन पासवान’ (१९५४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एकाच निकालात सांगितल्या. मुळात अधिकारिताच नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत असतो, आणि तो आक्षेप दरखास्तीतही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कार्यवाहीतही) घेता येतो; पण दाव्याचे मूल्यांकन चुकल्यामुळे तो वेगळ्या न्यायालयात चालला, एवढ्याच तक्रारीवर अपिलात काही मिळवायचे असेल तर गुणदोषांवरील निर्णयाला त्यामुळे बाधा पोहोचली हे दाखवावे लागते. तिथे अपीलकर्त्याला ते दाखवता आले नाही आणि तो हरला. अधिकारितेसारख्या जड विषयात ही कसोटी लागते, तर कैफियतीच्या मुदतीला ती लागणारच.

तेव्हा तुमच्या नाकारलेल्या कैफियतीत नेमके काय होते, त्याला आधार देणारी कोणती कागदपत्रे होती आणि उलटतपासात त्यातले किती आले, हे इथे लिहिलेत तर पुढचे बोलता येईल. व्यवहार तारणाचा होता याविषयीचे प्रश्न वादीला उलटतपासात विचारले होते का?

दावा_प्रलंबित :

आपणा दोघांचे आभार. प्रश्न विचारले होते, पण कैफियतीत नसलेली बाब उलटतपासात आणता येणार नाही अशी हरकत वादीच्या वकिलांनी घेतली आणि ती मान्य झाली. बँकेचे उतारे आमच्याकडे आहेत. ते दाखल करण्याचा अर्ज कैफियत नसल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. निकालपत्रात ‘वादीचे म्हणणे अनाक्षेपित राहिले आहे’ हे वाक्य तीन ठिकाणी आले आहे.

काळा_कोट_पांढरी_बंडी :

मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर न्यायालयानेच लिहून ठेवले आहे. ‘अनाक्षेपित’ हा शब्द जिथे जिथे आला आहे ते परिच्छेद क्रमांकासह मेमोमध्ये घ्या. आदेशाचा निर्णयावर परिणाम झाला हे सिद्ध करण्यासाठी निकालपत्रातल्या कबुलीहून चांगला पुरावा मिळत नाही.

त्या शब्दाविषयी आणखी एक. कैफियत नसली म्हणजे वादीचे सगळे आपोआप सिद्ध होते, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने ‘बलराज तनेजा वि. सुनील मदन’ (१९९९) मध्ये खोडून काढली आहे, आणि तो दावाही योगायोगाने करारपूर्तीचाच होता. आदेश ८ नियम १० खाली कैफियतीअभावी हुकूमनामा करणे न्यायालयाला शक्य असले तरी वादपत्रातील कथनांवरून एखादी बाब सिद्ध करून घेण्याची गरज दिसत असेल तर ती पुराव्याने सिद्ध करून घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. ‘मॉड्युला इंडिया वि. कामाख्या सिंग देव’ (१९८८) हा भाडेकरूच्या बेदखलीसंबंधीचा निकाल आहे. ज्याचा बचाव काढून टाकला आहे त्या प्रतिवादीलाही वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो आणि वादीच्या प्रकरणातील उणिवा युक्तिवादात दाखवता येतात. स्वतःचा स्वतंत्र बचाव मात्र त्याला त्या मार्गाने आत आणता येत नाही, असे त्यात सांगितले आहे. तुमच्या बाबतीत तारणाचा बचाव या दुसऱ्या भागात मोडतो, त्यामुळे त्या हरकतीवरील निर्णय चुकीचा होता असे म्हणणे अवघड आहे. पण नेमके त्यामुळेच कैफियत नाकारण्याच्या आदेशाचे वजन वाढते, कारण तो बचाव मांडण्याचे दुसरे कोणतेही दार उघडे राहिले नव्हते.

अर्धविराम :

चर्चा चांगली चालली आहे, परंतु पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे आदेश मुळात चुकीचा होता का याकडे, कोणी नीट पाहिलेले दिसत नाही. मुदतीचा कायदा आधी थोडक्यात सांगतो.

२००२ च्या दुरुस्तीनंतर आदेश ८ नियम १ नुसार समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, आणि कारणे नोंदवून न्यायालय ती मुदत बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. नियमाचे शब्द सक्तीचे वाटतात. तरीही ‘कैलाश वि. नन्हकू’ (२००५) मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही तरतूद निदेशात्मक, म्हणजे सक्तीची नसलेली, ठरवली आणि त्याच वर्षी ‘सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन’च्या दुसऱ्या निकालात तोच दृष्टिकोन कायम राहिला. मात्र याचा अर्थ ९० दिवसांनंतरची मुदतवाढ मागितली की मिळते असा कोणी घेऊ नये. ती अपवादात्मक परिस्थितीत आणि कारणे नोंदवूनच द्यायची आहे. ‘अ‍ॅटकॉम टेक्नॉलॉजीज’ (२०१८) प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षांच्या विलंबाने आलेली कैफियत स्वीकारण्यात आली होती; सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि विलंब जितका जास्त तितका खुलाशाचा भार जड, असे बजावले. व्यापारी दाव्यांत तर १२० दिवसांनंतर कैफियत स्वीकारण्याचा अधिकारच उरत नाही, हे ‘एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स’ने २०१९ मध्ये ठरवले आहे. तुमचा दावा व्यापारी न्यायालयातला दिसत नाही, त्यामुळे तो निकाल कोणी तुमच्या अंगावर फेकला तर तो लागू नाही हे सांगता आले पाहिजे.

येथवरचे चित्र तुमच्या फारसे बाजूने नाही. १२७ वा दिवस, कारण असमाधानकारक, आणि न्यायालयाने विवेकाधिकार वापरला : असा आदेश अपिलात सहज उलटत नाही, कारण अपील न्यायालयाला वेगळे मत सुचले एवढ्याने खालच्या न्यायालयाचा विवेक चुकीचा ठरत नसतो.

पण दावा २०२१ चा आहे असे आपण लिहिले आहे. समन्स नेमके कोणत्या तारखेला बजावले गेले?

दावा_प्रलंबित :

समन्स १० जानेवारी २०२२ रोजी मिळाले. कैफियत १७ मे २०२२ रोजी दाखल केली.

अर्धविराम :

मग आपण विलंबमाफीचा अर्ज केला हीच मुळात अनावश्यक गोष्ट झाली असण्याची शक्यता आहे, आणि संपूर्ण प्रकरणाचा रंग बदलतो.

कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात मुदतींविषयी वेळोवेळी आदेश दिले. त्यांतील १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने, म्हणजे योगायोगाने तुमचे समन्स बजावले गेले त्याच दिवशीच्या आदेशाने, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण कालावधी मुदत मोजताना वगळण्याचे निर्देश दिले. ज्यांची मुदत या कालावधीत संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतील, असेही त्यात म्हटले. हे निर्देश केवळ दावे आणि अपिले दाखल करण्यापुरते आहेत की कैफियतीलाही लागू आहेत, हा वाद ‘प्रकाश कॉर्पोरेट्स वि. डी व्ही प्रोजेक्ट्स’मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ते कैफियतीलाही लागू असल्याचे ठरवले. तेही व्यापारी दाव्यात, जिथे १२० दिवसांची भिंत पक्की आहे.

आता तुमच्या तारखा मोजून पाहू. तुमचे पहिले ३० दिवस ९ फेब्रुवारी २०२२ रोजी संपले असते, म्हणजे वगळलेल्या कालावधीतच. त्यामुळे १ मार्चपासून ९० दिवस धरले तर मुदत २९ मे २०२२ पर्यंत जाते. तुम्ही १७ मे रोजी कैफियत दिली. ज्यांना ही पद्धत मान्य नसेल त्यांनी २८ फेब्रुवारीपर्यंतचे दिवस नुसते वगळावेत आणि १ मार्चपासून नव्याने मोजावे : मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे १७ मिळून ७८ दिवस होतात. ३० दिवस उलटले असले तरी ९० च्या आतच आहेत, आणि त्या टप्प्यात अपवादात्मक परिस्थितीची कसोटी लागतच नाही. कोणत्याही रीतीने मोजले तरी ‘९० दिवसांची कमाल मुदत उलटली’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

यामुळे अपिलातील मांडणीच बदलेल. ‘न्यायालयाने विवेकाधिकार कठोरपणे वापरला’ असे न म्हणता ‘न्यायालयाने मुदतच चुकीची मोजली आणि म्हणून जो प्रश्न विचारायचा नव्हता तो विचारून त्याचे उत्तर दिले’ असे म्हणता येईल. पहिल्या मांडणीत अपील न्यायालय हात आखडते घेते. दुसरी कायद्याची चूक आहे, आणि अपील न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या बंधनकारक आदेशाकडे दुर्लक्ष करावे अशी अपेक्षा तुमचा प्रतिपक्षही उघडपणे करणार नाही.

एक शंका मात्र आधीच दूर करून घ्या. हा मुद्दा विलंबमाफीच्या अर्जात घेतला नव्हता असे दिसते, आणि प्रतिपक्ष नक्की म्हणेल की अपिलात प्रथमच घेता येणार नाही. त्याचे उत्तर असे की यासाठी कोणतीही नवी वस्तुस्थिती सिद्ध करावी लागत नाही; दोन्ही तारखा अभिलेखावरच आहेत आणि उरतो तो शुद्ध कायद्याचा प्रश्न.

शिरस्तेदार_निवृत्त :

मी वकील नाही. न्यायालयाच्या दप्तरात बरीच वर्षे काढली आहेत, त्या बळावर दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

१० जानेवारी ही तारीख तुम्ही आठवणीने सांगत आहात की बेलिफाच्या अहवालावर आहे, ते आजच तपासा. समन्स घरातील दुसऱ्या व्यक्तीने घेतले असेल, किंवा आधी एकदा नकार नोंदवला गेला असेल, तर अभिलेखावरची तारीख वेगळी निघते आणि वर केलेला सगळा हिशेब हलतो. बजावणीचा अहवाल, रोजनाम्याची त्या दिवसांची पाने, विलंबमाफीचा अर्ज, त्याखालचा आदेश आणि परत केलेली किंवा न वाचता फाइलला राहिलेली कैफियत, या सर्वांच्या प्रमाणित नकला मागून घ्या. नाकारलेल्या कैफियतीला बरेचदा निशाणी (दप्तरातील क्रमांक) पडत नाही आणि मग अपिलात मूळ दप्तर आले तरी ती सापडत नाही, असे मी पाहिले आहे.

अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नकलेच्या अर्जापासून नकल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज करायलाच उशीर केला तर तो उशीर वजा होत नाही. एका मुदतीच्या वादावर अपील करताना स्वतःच दुसरी मुदत चुकवू नका.

निशाणी_एक :

शिरस्तेदार साहेबांनी मुदतीचे सांगितले, त्याला जोडून स्थगितीचे सांगतो. अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. आदेश ४१ नियम ५ तसे स्पष्ट म्हणतो. करारपूर्तीच्या हुकूमनाम्यात दरखास्त दाखल झाली, प्रतिवादीने खरेदीखत करून दिले नाही, तर न्यायालयामार्फत खरेदीखत नोंदवले जाते, आणि त्यानंतर मिळकत तिसऱ्याच्या हाती गेली की अपील जिंकूनही पुढे कलम १४४ खाली पूर्वस्थिती मागत बसावे लागते. अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज द्या आणि प्रक्रियेचा मुद्दा त्यात पहिल्याच परिच्छेदात तारखांसह लिहा.

मेमोविषयी एक. कलम १०५ चा लाभ हवा असेल तर त्या आदेशाची तारीख, निशाणी क्रमांक आणि त्यातील चूक हे स्वतंत्र कारण म्हणून लिहिलेले असले पाहिजे. ‘निकाल बेकायदेशीर व अन्यायकारक आहे’ या साचेबंद वाक्यात ते सामावलेले आहे असे नंतर म्हणता येत नाही. बँकेच्या उताऱ्यांसाठी आदेश ४१ नियम २७ खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करण्याचा मोह होईल. तो एकटा उपयोगाचा नाही, कारण कैफियतच अभिलेखावर नसताना त्या उताऱ्यांना टेकायला कथन कुठे आहे? आधी कैफियत आत आली पाहिजे, मग पुरावा.

काळा_कोट_पांढरी_बंडी :

आता कटू भाग. या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात तर मिळेल काय? वादीचा दावा फेटाळला जाणार नाही. हुकूमनामा रद्द होऊन दावा फेरनिर्णयासाठी खालच्या न्यायालयात परत जाईल, म्हणजे २०२२ च्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात होईल. त्यातही अपील न्यायालये परत पाठवायला राजी नसतात, ‘पी. पुरुषोत्तम रेड्डी वि. प्रताप स्टील्स’ (२००२) पासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आले आहे की उठसूट दावे परत पाठवल्याने खटल्यांचे आयुष्य विनाकारण वाढते. तुमच्या प्रकरणात मात्र प्रतिवादीचा पुरावाच नोंदवला गेलेला नसल्याने अपील न्यायालयाला स्वतः निर्णय देणे कठीण जाईल आणि आदेश ४१ नियम २३अ चा आधार घेता येईल.

म्हणून केवळ या एका मुद्द्यावर अपील उभे करू नका. गुणदोषांवरही तुमच्याकडे सामग्री आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६(क) खाली आपण करार पुरा करण्यास सदैव तयार व राजी होतो हे वादीने सिद्ध करायचे असते, आणि ती जबाबदारी कैफियत नसल्यामुळे संपत नाही. २०१६ चे साठेखत आणि २०२१ चा दावा, यांच्यामधील वर्षांत वादीने काय केले? उर्वरित रक्कम त्याच्याकडे होती का? उलटतपासात याविषयी काही आले असेल तर तो मुद्दा दावा फेटाळून घेण्याचा आहे. माझ्या मते मुख्य मागणी दावा फेटाळण्याची आणि पर्यायी मागणी परत पाठवण्याची, हाच क्रम ठेवावा.

तटस्थ :

वर कोणी मुदतबाह्यतेचा मुद्दा काढलेला नाही. मुदत अधिनियमाच्या कलम ३ नुसार तो बचाव घेतला नसला तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक असते. २०१६ च्या करारावर २०२१ मध्ये दावा म्हणजे तीन वर्षे केव्हाच उलटली नाहीत का?

अर्धविराम :

साठेखतात तारीख ठरलेली असती तर आपले म्हणणे चालले असते. अनुच्छेद ५४ नुसार तारीख ठरलेली नसेल तर तीन वर्षे वादीला नकार कळल्यापासून मोजतात, आणि नकार केव्हा कळला हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. मुदतीचा प्रश्न बहुतेक वेळा कायदा आणि वस्तुस्थिती यांचा मिश्र प्रश्न असतो, हे महाराष्ट्रात आपण फार महाग किमतीला शिकलो आहोत. संहितेत राज्याने घातलेल्या कलम ९अ खाली अधिकारितेचा आक्षेप प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवायचा असे, आणि मुदतीचा आक्षेप त्यात बसतो की नाही यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठांनी २०१५ मध्ये दोन वेगळी मते दिली. ते कलम राज्याने २०१८ मध्ये वगळले, आणि मुदतीचा आक्षेप त्यात बसत नाही हे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘नसली वाडिया’ प्रकरणात ठरवेपर्यंत २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर कित्येक दाव्यांत मुख्य वादाला हात न लागता केवळ त्या एका मुद्द्यावर साक्षीपुरावे आणि वरच्या न्यायालयातील फेऱ्या होऊन गेल्या होत्या. तेव्हा कलम ३ चा उल्लेख मेमोमध्ये जरूर करावा, पण वादपत्रावरूनच मुदतबाह्यता दिसत नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नये.

दावा_प्रलंबित :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज बजावणीचा अहवाल पाहिला. तारीख १० जानेवारी २०२२ अशीच आहे आणि सही वडिलांची आहे. कैफियत फाइलला आहे, तिला निशाणी नाही. नकलांसाठी अर्ज केला आहे. एक शेवटचा प्रश्न : दावा परत गेला तर वादीचा झालेला उलटतपास वाया जाईल का? त्यात उर्वरित रकमेची तजवीज कशी केली होती याविषयी त्याला नीट उत्तर देता आलेले नाही.

काळा_कोट_पांढरी_बंडी :

वाया जात नाही. फेरनिर्णयाच्या वेळी, योग्य त्या अपवादांना अधीन राहून, मूळ चौकशीतील पुरावा पुढील चौकशीतही पुरावा म्हणून राहतो, असे आदेश ४१ नियम २३ मध्येच म्हटले आहे, आणि नियम २३अ खाली परत पाठवतानाही अपील न्यायालयाचे अधिकार तेच असतात. नव्या मुद्द्यांवर वादीला पुन्हा साक्ष द्यायची संधी मिळेल; पण रकमेविषयी त्याने शपथेवर जे सांगितले आहे ते पुसले जाणार नाही. त्या उत्तरांची नकल मात्र नकलांच्या अर्जात घातली आहे का ते एकदा पाहा. नसेल तर उद्या सकाळी पुरवणी अर्ज द्या.